सहाव्या काचेतला गळा

मंगळवारी काचा पुसते मी.
पहिल्या काचेत मणी, दुसरीत दिवे,
तिसरीत बिनहाताची बाई,
केसांची घडी मोडू न देता उभी.
सहावीत नुसता एक गळा. रांजणाचा.
खाली पाटी: समुद्रापलीकडून आलेला, दारूचा.
पोट नाही, बूड नाही,
दोन कान तेवढे शाबूत.
म्हणजे ऐकत असणार.

तेरहून समुद्राला जायचं तर
आधी ढोकी, मग येडशी, मग बार्शी,
त्याच्या पुढचं माझ्या बापालाही माहीत नव्हतं.
आमचा समुद्र म्हणजे जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा,
निळा रंग, एक होडी,
पुढं मोडक्या हाताची खुर्ची.

वैजनाथनं लातूरच्या आयटीआयला वेल्डिंग केलं
आणि बोटींची बुडं जोडत जोडत
तिकडच्या एवढ्याशा गावात जाऊन चिकटला.
मे महिन्यात अकरा दिवस मला नेलं.
विमानात मी चपला काढून
मांडी घालून बसले.

गाव म्हणाल तर आपल्या पेठेएवढं.
चढाच्या गल्ल्या, दुपारी दारं बंद,
बायका उंबऱ्यावर बसून जाळी शिवतात,
वाकळ शिवावी तशी, लांब लांब टाके.
आणि समुद्र?
दावणीच्या बैलासारखा. येत नाही, जात नाही.
वैजनाथ म्हणाला, इथं भरती-ओहोटी नसल्यातच जमा.
मी म्हणलं, मग तळंच की रे हे.
ओंजळीत घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं झालं.
एवढं पाणी,
आणि एक कळशी भरायची सोय नाही.

तो राहतो त्या घराची मालकीण कार्मेला.
तिच्या अंगणात, अगं बाई,
सहाव्या काचेतला रांजण!
अख्खा. पोटासकट, टोकदार बुडासकट,
भिंतीला टेकवलेला,
त्यात माती, मातीत लाल फुलं,
आणि सावलीला एक मांजर.

तिला सांगावं म्हणलं,
बाई, तुझ्यातला एक आमच्याकडं आहे,
कुलपात असतो, मी पुसते त्याला.
तिची भाषा मला नाही, माझी तिला नाही,
वैजनाथ कामावर.
मग मी रांजणाच्या गळ्याला हात लावला,
लांब बोट दाखवलं,
छातीवर हात ठेवला,
पदरानं हवेतच पुसून दाखवलं.
कार्मेला बघत राहिली. आत गेली.
काचेच्या तांब्यात पाणी घेऊन आली.

तिला वाटलं, लांबून आलीय, घसा सुकलाय.
चुकलं तरी काय होतं तिचं?
मी प्याले.
आमच्याकडं दिलेलं पाणी परत करत नाहीत.

मग तिनंच हाताला धरून नेलं मागच्या भिंतीकडं.
फटीतनं लोंबणारं काटेरी झुडूप,
पांढऱ्या पाकळ्या, मधे जांभळ्या केसांचा झुबका,
काटे मागं वळलेले.
वाघाटी! मी ओरडलेच.
आषाढात बारस सोडायला
आई माळावरनं पदर फाडून घेऊन आणायची, तिची बहीणच ही.
आपण फळ होऊ देतो,
ते कळीच खुडून मिठात घालतात.
घाई कुणाला जास्त, मला कळलं नाही.
मीही खुडायला बसले.
दोघींनी मिळून एक टोपलं भरलं, एक शब्द न बोलता,
म्हणजे मी बोलतच होते, तीही बोलतच होती.

येताना तिनं कळ्यांची बरणी दिली.
ऑफिसातल्या सगळ्यांनी तोंडात टाकून थुंकल्या.
एकट्या खाजामियांनी भाकरीशी खाल्ल्या,
म्हणले, मीठ कमी केलं तर चालतंय.

परवा शाळेची सहल आली.
मास्तर पाटी वाचून पुढं गेले.
एक पोरगी मागं राहिली, नाक काचेला लावून.
मावशी, हे इथवर आणलं कुणी?
पाटीवर ते नाही.
मी म्हणलं, कुणाचं तरी लेकरू
तिकडं कामाला असंल.
तिला ते पटलं. पळाली.

काचेवर नाकाचा ठसा राहिला होता, तो पुसला
आणि फडकं बादलीत पिळलं.
पाणी बोअरचं.
जरासं मचूळच असतंय.